जुनी जिप्सी घरी उभी करताना: उंची सगळ्यात शेवटी

तुमच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एखादी जुनी मारुती जिप्सी उभी आहे का? वडिलांनी हौसेने घेतलेली, काकांनी शेतावर वापरलेली किंवा लष्कराच्या लिलावातून कुणाच्या तरी हातून तुमच्याकडे आलेली? मग ‘हिला घरीच नीट करू, थोडी उचलू, मोठे टायर टाकू’ हा विचार तुमच्या मनात नक्की येऊन गेला असेल. घरातल्या मुलाने मोबाइलवर उंच, रांगड्या गाड्यांचे फोटो दाखवून तो आणखी पक्काही केला असेल.

विचार छान आहे. जिप्सीसारखी गाडी घरी उघडून शिकायला फार चांगली. डिसेंबर १९८५ मध्ये ती भारतात आली ती ९७० सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन घेऊन. १९९६ पासून ‘जिप्सी किंग’मध्ये १.३ लिटरचं इंजिन आलं. त्याच घराण्यातलं इंजिन एस्टीममध्येही होतं. खाली शिडीसारखी चेसिस, वर वेगळी बॉडी, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि चारही चाकांना लीफ स्प्रिंग, म्हणजे आपले पाटे. इंदूर-भोपाळकडचे मेकॅनिक त्यांना कमानी म्हणतात. सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. ताडोबा, कान्हा, रणथंभोरमध्ये सफारीच्या गाडीला लोक सरसकट ‘जिप्सी’च म्हणतात, ते उगाच नाही.

फक्त कामाचा क्रम चुकवू नका. बहुतेकांना उंचीपासून सुरुवात करायची असते, कारण उंची दिसते. पण जी गाडी सरळ थांबत नाही आणि सरळ चालत नाही, ती उचलली की जास्त धोकादायक होते. त्यात तुमची माणसं बसणार आहेत. म्हणून आधी कागद, मग चेसिस, मग ब्रेक आणि स्टेअरिंग, आणि उंची सगळ्यात शेवटी.

कागद आधी, पाना नंतर

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी आरटीओत तपासणी करून घेऊन दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. गाडीवर एक रुपया खर्च करण्याआधी ती वाढवून मिळेल का, हे विचारून या. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर ना हरकत प्रमाणपत्र, लिलावातली असेल तर लिलावाचे मूळ कागद हातात हवेत. दिल्ली आणि आसपासच्या भागात जुन्या गाड्यांसाठी वेगळे, कडक निर्बंध आहेत आणि न्यायालयाचे आदेश बदलत आले आहेत. तिथे राहत असाल तर आजची स्थिती पाहूनच पुढे जा.

चेसिस नंबर साफ करून त्यावर कागद ठेवा आणि पेन्सिल घासून ठसा घ्या. आरसी बुकातल्या नंबराशी तो अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. त्या जागेवर ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवू नका. नंबर पुसला गेला, तर पुढचे कित्येक महिने कचेऱ्यांचे हेलपाटे घालण्यात जातील.

आता मुख्य अडचण. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर समोर आला, तर दावा अडू शकतो. त्यामुळे मूळ मापापलीकडे जायचं असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा. ‘सगळेच करतात’ हे उत्तर पोलिसांसमोर चालत नाही.

गाडीखाली जाण्याआधी

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही. लोखंडी जॅक स्टँड, ज्यांना बऱ्याच गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, ते चार घ्या. विटा, पेव्हर ब्लॉक, जुने रिम चालणार नाहीत. वीट फुटताना आधी सांगत नाही. जमीन पक्की आणि सपाट हवी. पावसाळ्यात मातीच्या अंगणात स्टँड रुततात. गाडी स्टँडवर ठेवली की बाजूने जोरात हलवून पाहा, मगच खाली शिरा. काम सुरू असताना घरात कुणीतरी जागं आणि हाकेच्या अंतरावर असू द्या.

पेट्रोलच्या टाकीजवळ वेल्डिंग करू नका. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते, आणि पेटते ती वाफच. जुन्या ब्रेक शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

गंज कुठे लपतो

रंगाकडे पाहू नका. आतल्या मॅट उचला, पाय ठेवायच्या जागा पाहा. बॉडी चेसिसवर जिथे रबरी बुशावर बसते त्या जागा, मागच्या पाट्यांचे हँगर आणि चेसिसच्या आतल्या कडा हातोडीने हलकेच वाजवा. धड लोखंड खणखणतं, खाल्लेलं लोखंड बद्द वाजतं. शंका आली तर जाड स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. कोकण, गोवा, चेन्नईसारख्या खाऱ्या हवेतली गाडी असेल तर हे दोनदा करा.

पत्र्यातलं भोक लांबी भरून झाकू नका. गंजलेला भाग कापून नवा पत्रा लावायला लागतो. चेसिसला तडा असेल तर तिथे घरगुती वेल्डिंगची हौस नको. हे काम रोज चेसिस जोडणाऱ्या माणसाकडेच द्या.

थांबणं आणि वळणं

ब्रेकचे रबरी होज, चाकातले सिलिंडर, मास्टर सिलिंडरची रबरं आणि सगळं ब्रेक ऑइल हे वर्षानुवर्षं उभ्या गाडीत बदलायचंच, ‘चालतंय’ म्हणून ठेवायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि त्या पाण्याने नळ्या आतून गंजतात. घाटात उतरताना याच गोष्टी दगा देतात.

स्टेअरिंगसाठी सोपी परीक्षा आहे. पुढचं चाक जमिनीपासून उचलून गाडी स्टँडवर ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा, मग डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा. वर-खाली खटखट आली तर चाकाचे किंवा किंगपिनचे बेअरिंग पाहा. आडवी खटखट आली तर टाय रॉडचे बॉल जॉइंट पाहा. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थडथडा हलणं हा अखंड ॲक्सलच्या गाड्यांचा जुना रोग आहे. बऱ्याचदा तो इथून किंवा चाकांच्या बॅलन्सिंगमधून येतो. तो दुरुस्त न करता गाडी उचललीत तर वाढतोच.

इंजिन, क्लच, वायरिंग यांचा क्रम यानंतर. बंद पडलेलं इंजिन तुम्हाला रस्त्यात उभं करतं, निकामी ब्रेक तसं करत नाहीत.

आता उंची

टेप घ्या. गाडी सपाट जागी उभी करा, चारही टायरमध्ये सारखी हवा भरा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. डावी-उजवी बाजू वेगळी आली किंवा मागची बाजू स्पष्ट खाली बसलेली दिसली, तर तुमच्या गाडीला ‘लिफ्ट’ची गरजच नसेल. वीस-पंचवीस वर्षांत पाटे बसतात, बुश चुरतात, शॅकल झिजतात. मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि नवे शॉकअप टाकले की गेलेली उंची परत मिळते. कायदा मोडत नाही, विमा अडत नाही. माझ्या मते दहातल्या आठ घरांनी इथेच थांबावं.

जुने पाटे ठोकून पुन्हा कमान देता येते आणि ते स्वस्तही पडतं, पण काही महिन्यांत ते परत बसतात. तडा गेलेला पाटा वेल्ड करून वापरू नका. पाटे खोलले की यू-बोल्ट नवेच घाला, आणि शेदोनशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा आवळा.

यापलीकडचे मार्ग समजून घ्या, म्हणजे गॅरेजमध्ये कुणी तुम्हाला घाईत काही गळ्यात मारणार नाही. जास्तीचा पाटा घातला की गाडी उचलते, पण आधीच कडक असलेली जिप्सी आणखी आपटते. लांब शॅकल लावले तर उंची त्यांच्या वाढीव लांबीच्या साधारण निम्मीच मिळते, आणि पुढच्या ॲक्सलचा कोन फिरतो. मग स्टेअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. बॉडी आणि चेसिसमध्ये ठोकळे घातले तर फक्त डबा उंच होतो, आणि स्टेअरिंगचा दांडा, गिअरचे दांडे, रेडिएटर, पेट्रोल भरायची नळी सगळं ओढलं जातं. मूळ जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते वर नेले तर जवळपास पाच इंच उंची वाढते, पण मग स्टेअरिंग, शाफ्ट आणि ब्रेकच्या नळ्या सगळं नव्याने बसवावं लागतं. ते घरच्या अंगणातलं काम नव्हे.

आणि एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. पाटे, शॅकल, ठोकळे काहीही बदला, ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. २०५/७० आर१५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर असतो. २१५/७५ आर१५ चा सुमारे ७०४. फरक ३६ मिलिमीटरचा, म्हणजे गोळा वर जातो त्याच्या निम्मा, १८ मिलिमीटर. दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. त्या बदल्यात स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवतो. काटा ६० वर असताना तुम्ही ६३ ने जात असता. इंजिनावर भार वाढतो आणि ब्रेकला जास्त जोर लागतो.

दुसरी बाजू उलटण्याची. समजा, दोन चाकांमधलं अंतर १३० सेंटिमीटर आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे. निम्मं अंतर भागिले उंची, म्हणजे १. तोच मध्य पाच सेंटिमीटर वर गेला की आकडा ०.९३ होतो. वळणावर उलटण्याला विरोध करण्याची गाडीची ताकद सात टक्क्यांनी घटली. आडव्या दगडावर, वळणावर अचानक कुत्रं आलं तर हे सात टक्के महाग पडतात.

पहिली फेरी

काम झालं की चेसिस स्टँडवर घ्या आणि चाकं लोंबू द्या. अशा वेळी एकही ब्रेक होज ताणलेला नसावा आणि शाफ्टचा सरकता जोड निसटण्याइतका बाहेर येऊ नये. मग स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. टायर कुठे घासतो का पाहा. पहिली फेरी रिकाम्या मैदानात, एकट्याने, दहा-पंधराच्या वेगाने. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. व्हील अलाइनमेंट झाल्याशिवाय मोठ्या रस्त्याला लागू नका.

फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा चिखलात, वाळूत, ओल्या चढावर टाका. कोरड्या डांबरावर टाकू नका. पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जखडली जातात, वळताना गाडी अडखळते आणि सगळा ताण गिअरवर जातो.

शेवटची परीक्षा घरच्यांची. आजीला गुडघे न दुखता गाडीत चढता येतं का? मागे समोरासमोरच्या बाकांवर मुलांना बसवणार असाल, तर तिथे पट्टे नसतील तेव्हा मुलांना पुढे तोंड असलेल्या, पट्ट्याच्या सीटवरच बसवा, मग त्यांनी कितीही हट्ट केला तरी. सगळे बसले, पट्टे लागले, ब्रेक सरळ लागला, की जवळच्याच एखाद्या कच्च्या रस्त्याने तळ्यापर्यंत जाऊन या. परत आल्यावर गाडीखाली एक पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर तेलाचे डाग कुठे पडलेत ते पाहा, आणि पुढच्या रविवारचं काम तिथून सुरू करा.

पुढच्या लेखात: जुन्या गाडीचं वायरिंग आणि फ्यूज, घरच्या घरी कसं तपासायचं.