अणुवीज केंद्राचा चिवट शत्रू

अणुवीज म्हटले की चेर्नोबिल आठवते आणि चर्चा किरणोत्सारापाशी थांबते. पण या केंद्रांचा रोजचा शत्रू आपल्या खिडकीच्या गजांना लागतो तोच आहे: गंज.

दाबाखालील पाण्याच्या अणुभट्टीत तापलेले पाणी बाष्पजनित्राच्या हजारो बारीक नळ्यांतून फिरते. त्या उष्णतेने नळ्यांबाहेरच्या पाण्याची वाफ होते आणि ती टर्बाइन फिरवते. किरणोत्सारी पाणी आणि ही वाफ यांच्यामधली भिंत जेमतेम मिलिमीटरभर जाडीची!

१५ फेब्रुवारी २००० रोजी न्यू यॉर्कजवळच्या इंडियन पॉइंट केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत अशी एक नळी फुटली. कुणाला इजा झाली नाही. पण तड्याच्या खुणा १९९७ च्या तपासणीतच उमटल्या होत्या आणि त्या ओळखल्या गेल्या नव्हत्या, असे चौकशीत उघड झाले. अखेर चारही बाष्पजनित्रे बदलावी लागली.

जपानमधील मिहामा येथे किंमत माणसांनी मोजली. ९ ऑगस्ट २००४ रोजी टर्बाइनकडून बाष्पजनित्राकडे पाणी नेणारा पाइप फुटला आणि पाच कामगार भाजून मरण पावले. दहा मिलिमीटर जाडीचा पाइप झिजून काही ठिकाणी दीड मिलिमीटरहूनही पातळ झाला होता. १९७६ पासून त्या जागेची तपासणी झालीच नव्हती. ती यादीतून सुटली होती.

आपल्या तारापूरलाही हा धडा मिळाला आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची रचना वेगळी. पण दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या आणि प्रत्येकीची क्षमता २१० मेगावॉटवरून १६० वर आणावी लागली.

उपाय अज्ञात नाहीत. हायड्राझीन घालून पाण्यातला ऑक्सिजन काढायचा, अमोनियासारख्या द्रव्याने पाणी अल्कधर्मी ठेवायचे, तळाचा गाळ धुऊन काढायचा. कंडेन्सरमधून समुद्राचे खारे पाणी झिरपू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवायचा. जुन्या ‘अलॉय ६००’ऐवजी ६९० किंवा ८०० या मिश्रधातूंच्या नळ्या वापरायच्या. प्रत्येक नळी विद्युतप्रवाहाच्या साह्याने तपासायची आणि सदोष असेल ती बुजवायची.

मग चुकते कुठे? माझ्या मते, रसायनशास्त्रात नव्हे, शिस्तीत. संयंत्र बंद ठेवले की वीज बुडते, पैसा बुडतो. साहजिकच तपासणी आटोपती घेण्याचा मोह होतो. म्हणून अणुवीज हवी की नको, या वादाइतकाच आणखी एक प्रश्न नागरिकांनी विचारला पाहिजे: किती नळ्या तपासल्या आणि किती बुजवल्या? गंज गाजावाजा करीत नाही. त्याची खबर कागदावर वेळेत यावी आणि ती कुणीतरी वाचावी, एवढीच अपेक्षा आहे.