मार्बल कटर आणि दहा बोटं

मार्बल कटर हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण आवाज नक्की ऐकलाय. शनिवारी सकाळी साडेनऊला वरच्या मजल्यावर जे किंचाळायला लागतं, तेच ते. कुणीतरी नवा फ्लॅट घेतलेला असतो, वॉर्डरोब आणि किचनचं काम चालू असतं, आणि आपण उशी कानावर दाबून सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि त्या अनोळखी सुताराला एकत्रच शिव्या घालत असतो. त्या मशीनचं नाव मार्बल कटर. ते कापतंय मात्र प्लायवुड. माझा आक्षेप इथूनच सुरू होतो.

मला हत्यारांची हौस आहे हे आधीच सांगून टाकतो. बाल्कनीत एक ड्रिल, एक जिगसॉ, एक सर्क्युलर सॉ आणि आजोबांचा जुना रंधा एवढा संसार आहे. (त्याच बाल्कनीत कपडे वाळत घालता आले असते, असं घरातलं दुसरं मत आहे. असो.) हौशी माणसाचं एक असतं, काम कमी आणि तुलना जास्त. कुठलंही मशीन घ्यायचं म्हटलं की आपण आयटीवाले लगेच तक्ता काढून बसतो: वॉट किती, आरपीएम किती, वजन किती, किंमत किती. ज्याचे आकडे मोठे ते मशीन चांगलं. आणि मार्बल कटर या तक्त्यात सगळ्यांना हरवतो!

म्हणजे बघा. ७ इंची सर्क्युलर सॉ साधारण पाच-साडेपाच हजार आरपीएमने फिरते. ४ इंची मार्बल कटर बारा हजारांच्या आसपास. पात्याच्या कडेचा वेग काढायचा तर व्यास गुणिले पाय गुणिले फेरे, शाळेतलंच गणित. ११० मिलिमीटरच्या पात्याला तो येतो सेकंदाला जवळपास ६९ मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात. मोठ्या सर्क्युलर सॉचा येतो ताशी १९० च्या आसपास. लहान मशीन, जास्त वेग, निम्मी किंमत. तक्ता म्हणतो मार्बल कटर घ्या.

तक्त्यात नसलेल्या गोष्टी वेगळ्याच आहेत. मार्बल कटर दगड आणि टाइल्स कापायला बनवलेला आहे. त्याच्या मूळ पात्याला दातेच नसतात, कडेला हिऱ्याची भुकटी असते आणि ती दगड घासत जाते. आपल्याकडे त्यावर ३०-४० दात्यांचं लाकडाचं टीसीटी ब्लेड चढवतात. लाकूड तंतूंचं असतं, त्यात ताण असतो. कापलेली फट मागून मिटायला लागते आणि फिरतं पातं चिमटीत धरते. असं अडकलेलं पातं अख्खं मशीन उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतं. पुस्तकात याला किकबॅक म्हणतात, मिस्त्री म्हणतात मशीन झटका मारतं. चांगल्या सर्क्युलर सॉमध्ये यावर दोन साधे उपाय असतात. पात्यामागे एक पातळ पोलादी पट्टी, जी फट मिटू देत नाही. आणि पात्याच्या खालच्या अर्ध्या भागावर स्प्रिंगचं झाकण, जे लाकूड संपताक्षणी आपोआप बंद होतं. मार्बल कटरला यातलं काहीच नसतं. वरून अर्धं कव्हर, खालचं अर्धं पातं उघडं. शिवाय बटण दाबून ठेवायची कळ असते. एकदा ती लावली की हात सुटला तरी मशीन चालूच. फरशीवर सरळ रेघ कापताना ती सोय आहे, लाकडात झटका बसल्यावर तीच कळ घात करते.

मग सुतार तेच का वापरतात? 'अडाणी आहेत हो' हे उत्तर मी हजारदा ऐकलंय, आणि ते मला अजिबात पटत नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या परभणीच्या मिस्त्रींना मी माझी सर्क्युलर सॉ वापरायला दिली होती. दोन कप्पे कापून त्यांनी परत आणून ठेवली. "साहेब, मशीन भारी हाय. पण बसून चालवता येत नाही, अन् बिघडलं तर गावाकडं पार्ट भेटत नाही." विषय संपला. अमेरिकन सुतार कमरेएवढ्या टेबलावर उभ्याने कापतो, त्यासाठी त्याच्याकडे गॅरेज आहे. आपला मिस्त्री चौदाव्या मजल्यावर रिकाम्या हॉलमध्ये, जमिनीवर उकिडवा बसून, प्लायची शीट पायाने दाबून कापतो. त्याला एका हातात मावणारं तीनेक किलोचं मशीन लागतं. तेच मशीन उद्या किचनच्या ओट्यापाशी टाइल कापायला चालतं. कार्बन ब्रश आणि आर्मेचर तालुक्याच्या गावात मिळतात. ही निवड पूर्ण तर्कशुद्ध आहे. चूक त्याची नाहीये. त्याच्या बसण्याच्या पद्धतीसाठी कुणी लाकूड कापायचं मशीन बनवलेलंच नाही, म्हणून तो दगडाचं वापरतो.

याच्या पुढची पायरी तर अंगावर काटा आणते. प्लायच्या तुकड्याला खाच पाडायची, मशीन खालून उलटं बसवायचं, पातं वर काढायचं, कळ लावून टाकायची आणि बोर्डावरच्या बटणाने चालू-बंद करायचं. झाली टेबल सॉ तयार! ना झाकण, ना मागची पट्टी, आणि फळी ढकलणारे हात पात्यापासून दोन इंचांवर. इंटिरियरच्या कुठल्याही साइटवर जा, हे दिसेल. मिस्त्रींचे हातही जरा लक्ष देऊन बघा.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते बघू. ओरेगनमधले स्टीफन गॅस हे भौतिकशास्त्रात पीएचडी केलेले पेटंट वकील. त्यांना १९९९ मध्ये कल्पना सुचली की पात्यातून बारीकसा विद्युत संकेत सोडायचा. लाकूड तो शोषत नाही, माणसाचं शरीर शोषतं. बोट लागलं की संकेत पडतो, एक बारीक तार जळते, स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो. पातं ५ मिलिसेकंदांच्या आत थांबतं आणि टेबलाखाली जातं. बोटावर ओरखडा राहतो. प्रात्यक्षिकात ते हॉटडॉगचं सॉसेज वापरायचे, आणि गॅस यांनी स्वतःचं बोटसुद्धा लावून बघितलं आहे (टेस्टिंग इन प्रॉडक्शन म्हणजे हेच!). मोठ्या कंपन्यांनी परवाना घेतला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःची सॉस्टॉप कंपनी काढून २००४ पासून करवती विकायला सुरुवात केली. २०१० मध्ये बोस्टनमधल्या ज्यूरीने रयोबीच्या टेबल सॉने हात जायबंदी झालेल्या कामगाराला १५ लाख डॉलर द्यायला लावले. मुद्दा हाच होता, की असं तंत्र उपलब्ध असताना तुम्ही ते का बसवलं नाही?

गोष्ट इथे संपली असती तर गॅस आमचे हीरो राहिले असते. पण २०१६ मध्ये बॉशने रीॲक्स नावाची करवत आणली. तिच्यात पातं मोडण्याऐवजी गॅसच्या छोट्या काडतुसाने ते टेबलाखाली ढकललं जायचं, म्हणजे पातं वाचायचं. सॉस्टॉपने पेटंटचा दावा लावला आणि २०१७ मध्ये तिची अमेरिकेतली आयात बंद पाडली. त्याच वर्षी फेस्टूलच्या मालक कंपनीने सॉस्टॉप विकत घेतली. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाने तिथे वर्षाला ३० हजारांच्या आसपास लोक टेबल सॉच्या पात्याच्या जखमा घेऊन इमर्जन्सीत येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सॉस्टॉपने जाहीर केलं की आयोगाचा नियम लागू झाला तर आम्ही एक महत्त्वाचं पेटंट सर्वांना खुलं करू. आधी जग सक्ती करेल, मग आम्ही उदार होऊ. सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार आपण खूप बघितलाय, पण तिथे कुणाची बोटं जात नाहीत.

युरोपात याच्याही पुढचं काम झालंय. आल्टेनडॉर्फ या जर्मन कंपनीच्या पॅनेल सॉवर आता कॅमेरे असतात. ते हात ओळखतात आणि हात पात्यापर्यंत पोचायच्या आतच पातं खाली जातं. इमेज प्रोसेसिंगचा इतका चांगला उपयोग मी दुसरा बघितलेला नाही. सेल्फीत कुत्र्याचे कान लावण्यापेक्षा तर नक्कीच बरा.

पण हे सगळं परभणीच्या मिस्त्रींच्या काय उपयोगाचं? सॉस्टॉपचं काडतूस एकदाच वापरता येतं, नवं शंभर डॉलरच्या आसपास पडतं, आणि बहुतेक वेळा पातंही जातं. ओल्या लाकडाने किंवा लपलेल्या खिळ्यानेही ते उडू शकतं. आपल्याकडच्या प्लायमध्ये काय काय निघतं ते विचारू नका. शिवाय तो ठोकळा तीन किलोच्या हातातल्या मशीनमध्ये बसवला तर पात्याचा सगळा आवेग मनगटावर येईल. हे तंत्र जमिनीवर उभ्या असलेल्या जड मशीनचं आहे.

म्हणून माझी मागणी खूप खालच्या पातळीवरची आहे. मार्बल कटरच्याच आकाराचं, वजनाचं, बसून चालवता येईल असं लाकडाचं मशीन काढा. त्याला स्प्रिंगचं झाकण आणि मागची पट्टी द्या. ही दोन फीचर्स पत्र्याची आहेत, त्यात संशोधन काही नाही. बोट काढलं की मोटरने स्वतः ब्रेक लावावा. घरंगळत थांबायला पात्याला पुष्कळ सेकंद लागतात, इलेक्ट्रॉनिक ब्रेकने हा वेळ खूप कमी होतो. झटका ओळखायला मोबाईलमध्ये असतो तसला गतिमापक सेन्सर पुरे. फेस्टूलने आपल्या एका बॅटरीवरच्या करवतीत झटका ओळखून पातं थांबवायची सोय दिलेली आहेच. आणि एक फीचर खास आपल्यासाठी: वीज जाऊन परत आली की मशीन आपोआप चालू होता कामा नये. कळ लावलेला कटर जमिनीवर पडलाय, लाइट गेली म्हणून मिस्त्री चहाला उठले, आणि लाइट आली. पुढचं तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. अनेक चांगल्या ग्राइंडरमध्ये ही सोय आहे. भारनियमनाची सवय असलेल्या महाराष्ट्रात ती प्रत्येक मशीनला हवी.

याच सेन्सरने मशीन उलटं बसवलंय हेही कळेल. मग ते चालूच होऊ द्यायचं नाही का? माझ्या एका मित्राचं उत्तर होतं, अर्थात! माझं उत्तर, बिलकुल नाही. ऑफिसात जी सिक्युरिटी पॉलिसी काम अडवते तिचं आपण काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. इथे ते वायरच्या एका तुकड्याने तिसऱ्या दिवशी होईल. त्यापेक्षा कंपनीनेच हजार-दीड हजारात पत्र्याचं घडीचं टेबल विकावं. त्याला पट्टी, झाकण आणि मोठं लाल बटण असावं, आणि त्यात मशीन उलटं बसवायची सोय असावी. लोक जे करणारच आहेत ते नीट करू द्या.

भुशाबद्दलही बोलायला हवं. लाकडाचा भुसा माणसात कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच सांगितलंय. एमडीएफ आणि प्लायच्या गोंदातून निघणारं फॉर्मल्डिहाइडही २००४ मध्ये त्याच यादीत गेलं. सोसायटीत धुळीची तक्रार होते म्हणून खिडक्या बंद, तोंडावर रुमाल, आणि आत चार माणसं दिवसभर. महागड्या मशीनना व्हॅक्यूमची नळी जोडायचं तोंड असतं, पण प्रत्येक कंपनीचा व्यास वेगळा! बॅटऱ्यांचंही तेच. सगळ्यांच्या आत पाच सेल ओळीने, तरी एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही. अमेरिकेत ज्याला २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकतात तीच युरोपात १८ व्होल्टची असते, व्होल्टही मार्केटिंगचे. त्यावर एकदा वेगळं लिहीन, इथे राग आवरतो.

आणि कंपन्या फीचर म्हणून काय देतात? ब्लूटूथ. ॲपवर बॅटरीची टक्केवारी.

हे सगळं मी काम चालू असतानाच मिस्त्रींना कागदावर काढून दाखवलं. झाकण त्यांना आवडलं. ब्रेक फारच आवडला. टेबलाची किंमत त्यांनी दोनदा विचारली. सेन्सरबद्दल काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या मागण्या सांगितल्या. वजन तीन किलोच्या वर नको. आत्ता आहेत तीच ब्लेडं त्यात बसली पाहिजेत, नवी घेणार नाही. आणि वायर लांब पाहिजे. नव्या फ्लॅटमध्ये एकाच पॉइंटला करंट असतो, मशीनची वायर दोन मीटरची, मग जोडवायरची उघडी टोकं काडीपेटीची काडी घालून सॉकेटमध्ये खोचावी लागतात. "पाच मीटर द्या म्हणावं, साहेब. बाकीचं मागून."