बोहारणीला प्रवेश बंद

गिरगावातील चाळींमध्ये दुपारच्या निवांत वेळी जिन्यातून एक ओळखीची हाक येत असे. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचे गाठोडे आणि बोलण्यात गुजराती वळणाचे मराठी. पुरुष मंडळी कचेरीत, मुले शाळेत. मग गॅलरीत बैठक बसे आणि दोन विजारी व एका साडीच्या बदल्यात पातेले द्यायचे की नुसती वाटी, यावर अर्धा अर्धा तास घासाघीस चाले. सौदा फिसकटला म्हणून बोहारीण पाटी उचलून चार पायऱ्या उतरे आणि हमखास परत येई. परळ, लालबाग, दादरच्या कितीतरी घरांतील मांडणीवरचे डबे अशाच दुपारी आलेले आहेत.

त्या चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील चाळीही त्याच वाटेवर आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या कुटुंबाचा आनंद रास्तच आहे. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी तेथील सार्वजनिक शौचालयासमोरची सकाळची रांगही आठवावी! परंतु नव्या इमारतीच्या फाटकावर फेरीवाल्यांना प्रवेश बंद असल्याची पाटी लागते, तेव्हा तिचा पहिला फटका बोहारणीला बसतो. खाद्यपदार्थ पोहोचविणारा अनोळखी तरुण मोबाईलवरील क्रमांक दाखवून आत जातो. वर्षानुवर्षे त्याच कुटुंबांशी व्यवहार केलेली बाई मात्र रखवालदाराशी हुज्जत घालत बाहेर उभी राहते.

ती नेलेल्या कपड्यांचे पुढे काय करते, हे तिच्याशी घासाघीस करणाऱ्या गृहिणींनाही क्वचितच ठाऊक असते. कपड्यांची प्रतवारी होते. उसवलेली शिवण घातली जाते, तुटलेले बटण लागते, धुणे आणि इस्त्री होते. जुनी जरीची साडी वेगळी काढतात, कारण खऱ्या जरीत चांदी असते. अगदीच निकामी कापड चिंध्या होऊन यंत्रे पुसण्यासाठी गॅरेजमध्ये जाते. उरलेला माल जुन्या बाजारात येतो. कामाठीपुऱ्याजवळच्या डेढ गल्लीत शुक्रवारी पहाटेच्या अंधारात जुने जोडे आणि कपडे यांचा बाजार भरतो आणि ऊन चढण्याच्या आत आटोपतोही. हमाल, बिगारी, नुकताच गावाहून आलेला मुलगा तेथे आपल्या कमाईच्या पैशाने, हाताने निवडून, भाव करून सदरा घेतो. कोणाचे उपकार नाहीत की छायाचित्र नाही. पुराच्या वेळी मदतकेंद्रांवर येणारी विटक्या कपड्यांची बोचकी ज्यांनी रात्र रात्र जागून निवडली आहेत, त्या कार्यकर्त्यांना या दोन व्यवहारांतील फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

असे असूनही जुने विकणाऱ्याकडे समाज संशयानेच पाहतो. जवळच्या मटन स्ट्रीटला सारी मुंबई चोरबाजार म्हणते. मूळच्या ‘शोर’चा ‘चोर’ झाला, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, नावाने लागलेला डाग खरा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहेच. पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या कलम ४११ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. पण भांड्यावर घेतलेल्या साडीची पावती बोहारणीने कोठून आणावी? शिवाय हा व्यवसाय परंपरेने करणारा वाघरी, म्हणजेच देवीपूजक, समाज गुजरातच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कलंक ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने पुसला गेला. फाटकावरच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नावर व्याख्यानमाला भरविणाऱ्या मध्यमवर्गाच्याच इमारतीत हे घडावे, हे अधिक खटकते.

कायदा तिच्या बाजूचा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने एका जागी बसणाऱ्याबरोबर फिरत्या विक्रेत्यालाही मान्यता दिली. पन्नास वर्षांहून जुने नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, अशीही त्यात तरतूद आहे. मुंबई महापालिकेने त्याच वर्षी सर्वेक्षण केले. सुमारे ९९ हजार अर्जांपैकी ३२ हजारांच्या आसपास पात्र ठरले. जी बाई दिवसभर जिने चढते आणि पहाटे दोन-तीन तासच रस्त्यावर माल मांडते, ती अशा मोजणीच्या हाती लागणार कशी? पादचाऱ्यांना पदपथ मोकळे हवेत, हे निर्विवाद आहे. परंतु पहाटे भरून सकाळी उठणारा बाजार कोणाची वाट अडवत नाही. त्याची वेळ आणि हद्द ठरवून नोंद करणे महापालिकेला सहज शक्य आहे.

सुरक्षिततेची चिंता खोटी नाही. पण घरकाम करणाऱ्या बायकांना ओळखपत्र देणाऱ्या गृहनिर्माण संस्थेला बोहारणीलाही ते देता येईल. महिन्यातील एक दुपार ठरवून तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत तिला बसू दिले, तर कोणाच्या दारापर्यंत जाण्याचाही प्रश्न उरत नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची बोचकी खाली उतरतीलच. त्याआधी होणाऱ्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय मांडायला एका सभासदाचे पत्र पुरेसे आहे.