लाइटचं खेळणं गिफ्ट देताय? आधी मागचं झाकण बघा

भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी जत्रेतल्या एका स्टॉलवरून लाइट लागणारा, भुंकणारा कुत्रा आणला. किंमत ८० रुपये. ना बॉक्स, ना कंपनीचं नाव. वारणानगरला घरीच छोटा कार्यक्रम होता. भाच्याने कुत्रा दोनदा फरशीवर आपटला, मागचं झाकण निघालं आणि तीन चपटे सेल घरंगळत गेले. दोन लगेच सापडले. तिसरा सोफ्याखाली मिळेपर्यंत ताईचा चेहरा पांढरा पडला होता.

आमचं थोडक्यात निभावलं. पण तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली: लहान मुलासाठी खेळणं घेताना रंग, आवाज आणि किंमत या सगळ्याच्या आधी बघायची जागा म्हणजे बॅटरीचं झाकण.

सेल अडकला तर नेमकं काय होतं?

बऱ्याच जणांना वाटतं की सेल फुटतो आणि आतलं अ‍ॅसिड बाहेर येतं. खरा धोका वेगळा आहे. सेल अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहायला लागते. सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली पदार्थ तयार होतो आणि तो आजूबाजूचा भाग जाळत जातो. सेल फुटायचीही गरज नाही. फक्त २ तासांत गंभीर इजा होऊ शकते.

सगळ्यात धोकादायक म्हणजे सीआर २०३२ सारखे लिथियम सेल. नावातच माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. ही रुंदी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला पुरेशी आहे आणि व्होल्टेज ३, म्हणजे साध्या सेलच्या दुप्पट. माझ्या कुत्र्यातले एलआर ४४ सेल त्याहून लहान, १.५ व्होल्टचे, ते बरेचदा पुढे सरकतात, पण अडकले तर तेही जाळतात. आणि ‘सेल संपलाय, आता काय होतंय’ असं समजू नका. खेळणं बंद पडलं तरी इजा करण्याइतकी वीज सेलमध्ये उरलेली असते.

आता हे २ तास आपल्या भागात मोजून बघा. एक्स-रे गावाजवळ निघेल, पण एवढ्याशा बाळाच्या अन्ननलिकेतून दुर्बिणीने सेल काढायची सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. त्यासाठी बहुधा कोल्हापूर गाठावं लागतं. गाडी मिळवून तिथे पोचेपर्यंत तासभर सहज जातो. त्यात मुलाने सेल गिळताना कुणी पाहिलं नसेल तर घड्याळ कधी सुरू झालं हेच कळत नाही. म्हणून आपल्यासाठी खरी काळजी दुकानातच घ्यायची आहे.

कायदा आहे, पण किती?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. त्यातली आपल्या कामाची गोष्ट इतकीच, की सेल मुलाच्या हाती सहज लागता कामा नये. झाकण स्क्रूने बंद हवं, नाहीतर दोन हालचाली एकाच वेळी केल्याशिवाय उघडता कामा नये.

पण मार्क नसलेली खेळणी फक्त जत्रेतच मिळतात असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने महिनाभरातल्या कारवाईत सुमारे १८,६०० खेळणी जप्त केल्याचं जाहीर केलं होतं. त्यात मोठ्या शहरांतली नावाजलेली दुकानंही होती. त्यामुळे ‘एसी दुकानातून घेतलंय’ ही काही खात्री नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. हा आदेश खेळण्यांपुरता आहे. मग लाइटची राखी, चमकणारे बूट, गाणारं ग्रीटिंग, एलईडी पणती, छोटा रिमोट यांचं काय? मुलाच्या दृष्टीने ही सगळी खेळणीच! अमेरिकेत टेक्सासमधल्या रीझ नावाच्या दीड वर्षाच्या मुलीचा २०२० मध्ये मृत्यू झाला. तिने गिळलेला सेल रिमोटमधला होता. तिच्या नावाने २०२२ मध्ये ‘रीझ लॉ’ आला आणि बटन सेल असलेल्या घरगुती वस्तूंनाही पक्कं झाकण आणि इशारा सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियातही त्याच वर्षी असे नियम लागू झाले. आपल्याकडेही नियम वस्तूच्या नावावर न ठरता आतल्या सेलवर ठरायला हवा, असं मला वाटतं.

दुकानात उभे असताना

१. झाकणाला स्क्रू आहे का बघा. नखाने उघडलं तर तिथेच परत ठेवा.

२. आयएसआय मार्कच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाका, कंपनीचं नाव दिसेल. वारणा परिसरातल्या सत्तरेक गावांत १९९८ मध्येच ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून कॉम्प्युटर आले होते. पुढे इथल्या शेतकऱ्यांनी उसाची माहिती एसएमएसवर मागवली. मग आपल्याला एक नंबर तपासणं जड जाऊ नये.

३. शक्यतो पेन्सिल सेलवर चालणारं घ्या, पण स्क्रू त्यालाही हवाच.

४. मूल तीन वर्षांखालचं असेल तर बॅटरी हवीच कशाला? ओढायची गाडी, मोठे ठोकळे, कापडी बाहुली चालेल. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणीही आहेतच. फक्त तोंडात मावतील असे छोटे तुकडे नकोत.

५. घरातले जुने बटन सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांपासून लांब ठेवा.

गिळल्याचा संशय आला तर

लाळ गळणं, खायला नकार, खोकला ही लक्षणं असू शकतात. कधी काहीच दिसत नाही. वाट बघू नका, उलटी करायला लावू नका. १०८ला फोन करा किंवा थेट मोठ्या दवाखान्यात जा. ‘बटन सेल असू शकतो’ हे स्पष्ट सांगा, कारण एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखा दिसतो. कडेला दुहेरी वर्तुळ दिसलं तर तो सेल असण्याची शक्यता जास्त. मूल एक वर्षापुढचं असेल, गिळू शकत असेल आणि १२ तास उलटले नसतील तर जाताना वाटेत दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, असं अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राचं मार्गदर्शन आहे. पण मध शोधण्यात वेळ घालवू नका.

भाच्याचा कुत्रा मी त्याच दिवशी काढून घेतला. पुढच्या वाढदिवसाला लाकडी ठोकळे दिले. ते आपटले तरी आवाज तेवढा होतो, आतून काही बाहेर पडत नाही.