वर्गाचा पाहुणा

एका वर्गाने कापडाचा एक प्राणी शिवावा, त्याला नाव द्यावे आणि सोबत कोरी वही बांधून दूरच्या शाळेत धाडावे. तिथल्या मुलांनी त्याला आळीपाळीने घरी न्यावे आणि त्याने काय पाहिले ते वहीत लिहावे. त्याच काळात तिकडचा पाहुणा आपल्या वर्गात मुक्कामाला असावा, आणि सत्र संपताना दोघांनी आपापल्या घरी परतावे. शाळाशाळांमधील ही देवघेव परदेशांत चांगलीच रुजली आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लंडन शहरी डेल ह्युबर्ट या तिसरीच्या शिक्षकांनी १९९५ मध्ये एका बालकथेतील चपट्या स्टॅन्लीची कागदी आकृती मुलांकडून करून टपालाने पाठवण्यास आरंभ केला, आणि तो उपक्रम देशोदेशी पसरला.

याहून जुनी एक हकिकत आपल्या व्यापारी मनाला अधिक विचारात पाडणारी आहे. अमेरिकेने १९२४ मध्ये कायदा करून जपानी लोकांना आपली दारे बंद केली. जपानमध्ये अनेक वर्षे राहिलेले सिडनी ग्युलिक हे धर्मोपदेशक त्यामुळे व्यथित झाले. त्यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये अमेरिकेतील मुलांनी जपानी शाळांसाठी १२,७३९ बाहुल्या पाठवल्या. जपानने उलट ५८ बाहुल्या पाठवल्या. पण त्या निष्णात कारागिरांनी घडवलेल्या होत्या, आणि त्यांच्या खर्चासाठी शाळकरी मुलींनी आपले चिल्लर पैसे दिले होते. संख्येने पाहिले तर हिशेब जुळत नाही, पण घेणाऱ्याने परतफेड आपल्या ऐपतीने आणि आपल्या कलेने केली होती. पुढे युद्धात, १९४३ च्या सुमारास, जपानमध्ये त्या अमेरिकी बाहुल्या शत्रूच्या म्हणून जाळण्यात, फोडण्यात आल्या. तरीही तीनशेहून अधिक वाचल्या, कारण काही शिक्षकांनी त्या जिवाच्या धोक्यानिशी लपवून ठेवल्या. बाहुलीने युद्ध टळले नाही, हे खरेच. परंतु ज्याने ती माळ्यावर दडवली, त्याला ‘शत्रू’ हा शब्द अपुरा वाटू लागला होता.

आपल्या महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा दुरावलेल्या देशांतील मुलांना संगणकावरून एकमेकांशी बोलते केले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटली. पडद्यावरची भेट मोलाची आहेच. पण लहान मुलाला जे हातात धरता येते, उशाशी घेता येते, त्याची गोष्ट निराळी.

हे सारे त्र्यंबकेश्वरच्या संदर्भात लिहिण्याचे कारण असे. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या २०१५ मध्ये जाहीर झालेल्या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. ओडिशा म्हणजे उदयगिरी-खंडगिरी आणि सम्राट खारवेलाचा हाथीगुंफा शिलालेख, ज्याचा आरंभच अरिहंत व सिद्धांच्या वंदनाने होतो. इकडे त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या पायथ्याशी जैन मंदिरांचे अवशेष आहेत, आणि तेथील शके १०६३ च्या लेखात मंदिरासाठी दुकानांचे उत्पन्न दिल्याची नोंद आहे. त्र्यंबकच्या मुलांनी पाहुण्याला ते अवशेष दाखवावेत, कुशावर्त व ब्रह्मगिरी दाखवावा, दादासाहेब फाळके १८७० मध्ये याच गावी जन्मले हे सांगावे. वहीची पाने अपुरी पडतील.

मात्र येथेच आपल्या समाजाची एक सवय आड येते. शहरातील आपली मुले ज्या शाळांत शिकतात, त्यांचा त्र्यंबक परिसरातील पाड्यांवरच्या शाळांशी संबंध येतो तो वह्या-दप्तरे वाटण्यापुरता. दान आपल्या रक्तात आहे, आणि अंजनेरीचा लेख त्याची साक्ष देतो. पण दान देणाऱ्याला काही घ्यावे लागत नाही. देवघेवीत घ्यावेही लागते. पाड्यावरच्या मुलीने वहीत भातलावणीविषयी लिहिले, तर ते आपल्या नातवाने वर्गात उभे राहून वाचावे, न समजलेले शब्द तिला पत्राने विचारावेत. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलेच पाहिजे. हुंडी सकारायची राहिली तर पेढीची पत जाते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

पाहुणा कोणता असावा? माझे मत गिधाडाच्या बाजूने आहे. नाक मुरडू नका. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मृत गुरांच्या मांसातून पोटात गेल्याने भारतातील गिधाडे झपाट्याने मेली, आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्याच्यावर बंदी आली. गायीवर दयेने केलेला उपचार दुसऱ्या जिवाच्या मुळावर आला! पांजरपोळ चालवणाऱ्या समाजाच्या मुलांनी हे जाणून घ्यावे, याहून योग्य जीवदयेचा धडा कोणता? तिकडून कदाचित ऑलिव्ह रिडले कासव येईल. ते मुनिसुव्रतस्वामींचे लांछन म्हणून कोणी त्याला देव्हाऱ्यापाशी नेऊ नये. लांछन पूजेच्या जागी शोभते. हे ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे कासव आहे, त्याला मुलांबरोबर मातीत खेळू द्यावे.

शिवणकामाला आपल्या कापड दुकानांतील कतरण पुरेल. आत कापूस भरावा. पिसे, लोकर, चामडे नको. आकार वीतभर, म्हणजे टपालखर्च आटोक्यात राहतो आणि दप्तरात मावतो. कोणत्या रात्री कोणाच्या घरी, याची यादी वर्गात लावावी, नाहीतर मोठ्या बंगल्यातल्या मुलाकडेच तो आठवडाभर राहतो. वही मुलानेच लिहावी. आईच्या सुबक अक्षरातली पाने दूरवरच्या मुलाला लगेच ओळखू येतात. मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

पाठवणी पावसाळ्यात मुळीच करू नये. त्र्यंबकचा पाऊस कापूस वाळू देत नाही. ओडिशात दुर्गापूजेची आणि आपल्याकडे दिवाळीची सुट्टी उरकल्यावर, दोन्ही वर्गशिक्षकांनी फोनवर तारीख ठरवून एकाच दिवशी दोन्ही पार्सले टपालात टाकावीत.