किलव्याचे श्रेय कुणाला?

टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या किलवा किसिवानी बेटाचा निकाल परवा एका व्याख्यात्याने दोन वाक्यांत लावला. शिराझहून इराणी आले, शहर वसले. पोर्तुगीज आले, शहर बुडाले. आफ्रिकी माणसाच्या वाट्याला काय? बहुधा ओझी वाहणे.

आधार किलव्याच्या बखरीचा. ती लिहिली गेली सोळाव्या शतकात, स्थापनेनंतर पाचेकशे वर्षांनी. बखरीतल्या वंशावळी किती ताणतात हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. बरे, बखर तरी नीट वाचावी! शिराझच्या राजपुत्राने कापड देऊन बेट विकत घेतले, असे तीच सांगते. म्हणजे विकणारा तिथे होताच. उत्खननात दगडी इमारतींच्या आधीची कुडाची वस्ती आणि स्थानिक घडणीची मडकी सापडली आहेत. मग त्या इमारती? समुद्रातले प्रवाळ ओले असते तोवर मऊ, तेव्हाच ते तासायचे. प्रवाळच भाजून चुना करायचा. छताला तिवराचे वासे घालायचे. वासा पुरेल तेवढीच खोली रुंद, म्हणून दालने लांबट आणि चिंचोळी. शिराझच्या डोंगरात तिवरे कुठून आली? 1331 साली इब्न बतूताने पाहिलेले बहुतेक रहिवासी काळे झंज, म्हणजे पूर्व आफ्रिकी लोक, होते, आणि तेव्हाचे सुलतान घराणे नाते सांगत होते येमेनशी! ग्रेट झिंबाब्वेच्या भिंतींसाठीही गोऱ्या वसाहतवाल्यांनी फिनिशियन आणि शेबाची राणी शोधून काढली होती. खेळ तोच, पाहुणा नवा.

इराणी आलेच नाहीत असे माझे म्हणणे नाही. 2023 च्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात या किनाऱ्यावर बापाकडून इराणी वंश दिसतो. आईकडचा मात्र जवळपास सगळा आफ्रिकी.

पोर्तुगीजांनी 1505 मध्ये शहर लुटले, हे खरे. पण हुसुनी कुब्वा हा राजवाडा चौदाव्या शतकातच अर्धवट टाकून दिला होता. तोही त्यांनीच ओसाड केला काय?

किलव्याला मोठे केले मोसमी वाऱ्याने. अरबस्तान-गुजरातची गलबते एका हंगामात साधारण इथवर येऊन परतू शकत. त्याच्या दक्षिणेला सोफाळा बंदर, तिथून येणारे सोने. मधली दलाली किलव्याची. पंधराव्या शतकात सोन्याची वाट झांबेझीकडे वळली, घरात गादीचे तंटे माजले, मोंबासा शिरजोर झाले. पोर्तुगीजांनी किल्ला बांधला आणि 1512 मध्ये सोडून दिला. अठराव्या शतकात किलव्याला पुन्हा बरकत आली, ती फ्रेंचांच्या बेटांना गुलाम विकून. वैभवाच्या व्याख्यानात हा भाग येत नाही.