नव्या गाण्याला एक संध्याकाळ द्या

बदलापूरच्या दोन खोल्यांच्या घरात आज रॉक बँडचे सिंगल तयार होऊ शकते. गिटार ऑडिओ इंटरफेसमधून थेट लॅपटॉपमध्ये उतरते. ड्रम घरात वाजवता येत नाहीत, कारण भिंतीपलीकडे शेजारी असतात. म्हणून ते सॉफ्टवेअरवर बसवायचे, नाहीतर तासाच्या भाड्याने जॅमरूम घ्यायची. दारे-खिडक्या लावून, जाड चादरी टांगून गायकाचा आवाज घ्यायचा. पुढे मिक्सिंग, मास्टरिंग, मुखपृष्ठ. वितरकाकडे फाइल चढवली की ठरलेल्या शुक्रवारी गाणे जगभर एकाच दिवशी उपलब्ध होते. पूर्वी ज्यासाठी रेकॉर्ड कंपनीचे उंबरे झिजवावे लागत, ते काम आता चार पोरे आपल्या पगारातून पार पाडतात. त्यांच्या जिद्दीचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

अडचण त्या शुक्रवारनंतर सुरू होते. गाणे ज्या गावात जन्मले त्या गावात ते चार लोकांसमोर वाजवायचे कुठे? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बँडला स्वतःच्या गाण्यांसाठी हक्काची म्हणावी अशी जागा मिळत नाही. मग गिटार आणि झांजांच्या पिशव्या खांद्याला लावून मुंबईची लोकल गाठायची. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर 68 किलोमीटर. कार्यक्रम रंगात आला तरी नजर घड्याळावर, कारण शेवटची कर्जत किंवा बदलापूर लोकल चुकली तर रात्र फलाटावर काढावी लागते.

रेकॉर्डिंग झाले की काम संपले, असे मानणाऱ्यांनी बीटल्सचे पहिले सिंगल कसे झाले ते पाहावे. ‘लव्ह मी डू’ 5 ऑक्टोबर 1962 रोजी प्रसिद्ध झाले. त्याआधी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ते तीन वेळा, तीन वेगवेगळ्या ड्रमरना घेऊन ध्वनिमुद्रित करावे लागले. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते सतराव्या क्रमांकापर्यंतच पोचले. पण त्या पोरांच्या पाठीशी हॅम्बुर्गच्या क्लबांमधल्या असंख्य रात्री होत्या आणि लिव्हरपूलचे कॅव्हर्न हे तळघर होते. 1961 ते 1963 या काळात ते तिथे जवळपास तीनशे वेळा वाजले. लिव्हरपूल ही राजधानी नव्हती, कष्टकऱ्यांचे बंदर होते. गावातल्याच एका तळघराने या बँडला पुन्हा पुन्हा ऐकले, म्हणून तो घडला. कुठल्या कडव्यात लोक गप्प होतात, कुठे पाय ठेका धरतात, कुठे गाणे लांबते, हे लॅपटॉप सांगत नाही; समोरचा माणूसच सांगतो.

आपल्याकडच्या इतर संगीताला हा माणूस लाभलेला आहे. आगरी-कोळी गाणी छोट्या स्टुडिओत तयार होतात आणि हळदीच्या मांडवात लोकांच्या पायांत शिरतात. तो मांडवच त्यांचा रंगमंच. भजनी मंडळाला मंदिराचा सभामंडप आहे. ढोल-ताशा आणि बेंजोवाल्यांना गणपतीची मिरवणूक आहे. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात उतरलेल्या सिंधी कुटुंबांनी लाडे ही लग्नगीते आणि भगत या लोकगायनाची परंपरा सोबत आणली आणि उल्हासनगरात ती आपल्या लग्नसमारंभांतून, उत्सवांतून जपली. प्रत्येक गाण्याला त्याचे ऐकणारे आणि त्यांना एकत्र आणणारे निमित्त आहे. स्वतःचे शब्द, स्वतःची चाल घेऊन येणाऱ्या बँडलाच तेवढे ते नाही.

रॉक हे आपले संगीत नव्हे, ही हरकत आता टिकत नाही. 1970 आणि 1971 च्या सिमला बीट स्पर्धांमधून भारतीय बँडच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. मुंबईच्या रॉक मशीनने 1988 मध्ये स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला. आज ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड संतांचे अभंग रॉकच्या अंगाने गातो आणि तरुण श्रोता ते तोंडपाठ म्हणतो. आवाजाची हरकत खरी आहे. तिचा मान राखलाच पाहिजे. पण बंदिस्त सभागृहात संध्याकाळी सहा ते आठ वाजवले, तर ध्वनिवर्धकांवरील रात्री दहाच्या मर्यादेचा प्रश्नच येत नाही.

पैशाचा हिशोबही याच बाजूने बोलतो. स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला आहे की बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला मानधनातला वाटा मिळणार नाही. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या 5 लाख 6 हजार होती, अंबरनाथची 2 लाख 53 हजार, कुळगाव-बदलापूरची 1 लाख 74 हजार. म्हणजे तेव्हाच सव्वानऊ लाखांहून अधिक माणसे. त्यांतल्या शंभर जणांनी एका संध्याकाळी गाणे समोर बसून ऐकले आणि आवडले म्हणून वर्षभरात दहा-दहा वेळा लावले, तरी ती हजाराची पायरी ओलांडली जाते. अनोळखी जगाकडे डोळे लावण्याआधी आपल्या गावातले शंभर कान मिळवणे बँडच्या हिताचे आहे, आणि ते मिळवून देणे गावाच्या हातात आहे.

म्हणून मागणी साधी आहे. उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांनी महिन्यातून एक संध्याकाळ एखादे सभागृह नाममात्र भाड्याने, ध्वनियंत्रणेसह, स्थानिक बँडसाठी राखून ठेवावे. उल्हासनगर स्थानकालगतच्या चांदीबाई कॉलेजसारख्या महाविद्यालयांनी आपली सभागृहे परीक्षा नसलेल्या दिवसांत खुली करावीत. अंबरनाथच्या शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हलने देशातले नामवंत कलावंत इथल्या रसिकांच्या दारी आणले; त्याच व्यासपीठावर दरवर्षी एका स्थानिक बँडला अर्धा तास द्यावा. अट एकच असावी, गाणी स्वतःची हवीत. आणि आपण नागरिकांनी तिकीट काढून जावे. पन्नास-शंभर रुपयांचे का होईना, पण तिकीट असावे, कारण फुकटच्या टाळ्यांवर ड्रमची कातडी बदलता येत नाहीत.

या तीन गावांतली तरुण मंडळी रोज पहाटे मुंबईला कष्ट विकायला जातात. त्यांनी गाणेही तिकडेच नेऊन वाजवावे, ही सक्ती आपण थांबवू शकतो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. असलेल्या सभागृहाची किल्ली आणि महिन्यातली एक तारीख पुरते.